मशीनची वाकळ

परवा ऑफिसात जेवताना एकाने विचारलं, "वीकेंडला काय करतेस गं तू? कधी कुठे दिसत नाहीस ती."

मी म्हटलं, "वाकळ शिवते."

टेबलावर दोन सेकंद शांतता. मग एकीची ट्यूब पेटली, "म्हणजे गोधडी ना?" हो, तीच. आमच्या कराडकडे वाकळ म्हणतात. सगळ्यांचे चेहरे एकदम मऊ झाले. प्रत्येकाला आपापली आजी आठवली. कुणाच्या तरी घरी अजून एक आहे, कुणाची घर बदलताना हरवली, वगैरे वगैरे. आणि मग प्रश्न आला, "हाताने शिवतेस?"

"नाही, मशीनवर."

"अच्छा.. मशीनवर होय!"

तो "होय" ऐकण्यासारखा होता. घरी पुरणपोळ्या केल्या म्हणून सांगावं आणि मागाहून कळावं की पाकीट कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलंय, तसा. मी डबा बंद केला आणि गप्प बसले. पण डोक्यातून तो "होय" जाईना. म्हणून आजचा शनिवार त्याच्या नावाने.

आधी कबुली. वर्षभरापूर्वीपर्यंत माझंही मत तेच होतं. मशीनने शिवलेली वाकळ म्हणजे शॉर्टकट. हातात जीव नसलेल्यांनी करायचा उद्योग. आज मी म्हणते की शॉर्टकट म्हणून कुणी मशीनकडे आलंच तर आठवडाभरात पळून जाईल. हे मत कसं फिरलं, ते सांगते.

कॉलेजात असताना मी शिवायचे. हातानेच. सुट्टीत आजीकडे गेलं की दुपारी ओसरीवर लुगडं अंथरलेलं असायचं आणि दोन-तीन बायका चारी बाजूंनी टाके घालत बसलेल्या असायच्या. लहानपणी माझं काम सुईत दोरा ओवून देण्याचं. पुढे बढती मिळून कडेची एक ओळ मिळाली. भाचीसाठी एक दुपटं मी सगळं एकटीने पुरं केलं, त्याचं फार कौतुक झालं. मग 2008 साली नोकरी लागली आणि सुई डब्यात गेली ती गेलीच. रिलीज, कॉल, ट्रॅफिक. कारणं तुम्हाला पाठ आहेत.

2016 मध्ये आजी गेली. तिच्या दोन इरकली लुगड्यांची आईने वाकळ करायला घेतली. वर एक, खाली एक, आणि मध्ये आजोबांची धोतरं. कडेपासून सुरुवात करून आत आत जाणाऱ्या चौकोनी ओळी, आमच्याकडच्या पद्धतीने. 2019 पर्यंत ती बरीच आत पोचली आणि मग आईच्या उजव्या अंगठ्याचा सांधा धरला. सुई चिमटीत धरली की कळ यायची. एका ओळीच्या मध्येच ती थांबली, सुई तिथेच टोचून ठेवली आणि वाकळ घडी घालून कपाटात. "बघू नंतर." हे "नंतर" किती लांब असतं, ते आपल्याला माहीत आहेच!

गेल्या वर्षी कपाट आवरताना ती घडी हाती लागली. सुई गंजली होती आणि लुगड्यावर तांबूस डाग पडला होता. मधला सुमारे अडीच फूट बाय चार फुटांचा भाग तसाच मोकळा. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "आई, ही मी पुरी करते."

इथे माझा पहिला गैरसमज. सोडलेला छंद पुन्हा धरणाऱ्याची एक मोठी अडचण असते, नवशिक्याला ती नसते. आपल्याला आपलं जुनं काम आठवत असतं. त्यात मधल्या पंधरा वर्षांत आपण बरंच काही बघितलेलं असतं. म्हणजे नजर पुढे निघून गेलेली असते आणि हात मात्र मागेच राहिलेला असतो. मी एका जुन्या चादरीवर हाताने चार ओळी घालून पाहिल्या. टाके असे, की तांदूळ आणि वाटाणे एकत्र सांडलेत. शिवाय वेळेचा हिशेब मांडला तर, माझ्या वेगाने आणि माझ्या वीकेंडांमध्ये, तो मधला भाग पुरा व्हायला दीड-दोन वर्षं. आई तेव्हा बहात्तर वर्षांची होती. मला ती वाकळ आईच्या अंगावर बघायची होती, कपाटात नाही.

म्हणून मशीन घेतलं. साधंच, घरगुती, विजेवर चालणारं.

"मशीनची वाकळ? त्याला काय ऊब येणार," आई म्हणाली. "आणि माझ्या सासूच्या लुगड्यावर तू शिकणार?"

दुसरा प्रश्न अगदी बरोबर होता. वापरून वापरून विरलेलं सुती कापड एकदाच संधी देतं. नव्या कापडावर टीप चुकली तर उसवा, पाणी मारा, इस्त्री फिरवा, भोकं बुजतात. विरलेल्या कापडावर मशीनची टीप उसवली की भोकांची रांग राहते आणि तिथूनच ते फाटतं. आमच्या भाषेत सांगायचं तर कंट्रोल झेड नाही. आणि मी नेमकी थेट प्रॉडक्शनवर काम करायला निघाले होते.

मग ठरवलं की आधी चिंध्या. जुन्या चादरीचे एक फूट बाय एक फूट चौकोन कापले, तीन-तीन थर एकावर एक ठेवून पिना लावल्या आणि रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं. प्रत्येक चौकोनावर मार्करने तारीख, सुईचा नंबर, टेन्शनचा आकडा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. (हसू नका, पंधरा वर्षं बग शोधून दुसरं काय येणार आहे मला?)

आता थोडं मशीनबद्दल, कारण "मशीन करतं, तू फक्त बसतेस" हा समज इथेच निकालात निघतो.

नेहमीच्या शिवणात मशीनचे दाते कापड मागे ओढतात. प्रत्येक टाका सारख्या लांबीचा येतो तो त्या दातांमुळे. सरळ ओळी घालायच्या असतील तर हे ठीक. वाकळीच्या जाड थरांसाठी वॉकिंग फूट नावाचा वेगळा फूट मिळतो. तो वरचा थरही खालच्याबरोबरच पुढे सरकवतो, त्यामुळे वरचं कापड गोळा होत नाही. पण प्रत्येक वळणाला अख्खी वाकळ फिरवावी लागते. माझ्या मशीनवर सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यात जागा किती? जेमतेम साडेसहा इंच. पाच फूट बाय सात फुटांची वाकळ गुंडाळी करून त्यातून घालायची आणि ती गरगर फिरवायची, म्हणजे बोळात ट्रक वळवण्यासारखं. त्यातून माझं काम अगदी मध्यभागी.

दुसरा मार्ग म्हणजे दाते खाली पाडायचे. त्यासाठी मशीनला मागे एक खटका असतो. आता कापडाला ओढणारं कुणी नाही. पुढे, मागे, आडवं, तिरकं, जिकडे हात नेईल तिकडे टीप पडते. वाकळ फिरवायला लागत नाही. इंग्रजीत याला फ्री मोशन म्हणतात. पण या स्वातंत्र्याची किंमत अशी, की टाक्याची लांबी आता मशीन ठरवत नाही. पायाचा वेग आणि हाताचा वेग यांचं गणित जमलं तरच टाके सारखे येतात. हात पळाला तर लांब लांब टाके, हात अडखळला तर एकाच जागी टोचटोच. म्हणजे हाताच्या शिवणात जे कसब लागतं, टाके सारखे घालण्याचं, तेच कसब इथेही लागतं. फक्त ते चिमटीतून निघून दोन्ही तळव्यांत आणि उजव्या पायात जातं.

पहिल्या रात्री खालच्या बाजूला दोऱ्याचं घरटं झालं. मी दीड तास बॉबिन काढत-घालत बसले. घरटं खाली आहे म्हणजे चूक खाली, असा माझा सरळ हिशेब. चूक वर होती! फूट वर उचललेला असतो तेव्हा टेन्शनच्या चकत्या उघड्या असतात. मी फूट खाली टेकवायलाच विसरले होते, त्यामुळे वरच्या दोऱ्याला ताणच नव्हता आणि तो सगळा खाली जाऊन गोळा होत होता. दिसतं एकीकडे आणि बिघडलेलं असतं दुसरीकडे. हा धडा मी ऑफिसात नव्या मुलांना दरवर्षी देते, आणि स्वतः दीड तास बॉबिन पुसत बसले होते. असो.

मग वळणांचं दुखणं. वरून छान गोल दिसायचं आणि उलट्या बाजूला वळणावर दोऱ्याचे बारीक बारीक फासे, डोळ्याच्या पापण्यांसारखे. टेन्शन बदललं, सुई बदलली, दोरा बदलला. शेवटी कळलं की वळण आलं की मी घाबरून हात जोरात ओढते. गाडी शिकताना करायचे तसंच! पाय एकसारखा ठेवायचा आणि वळणावर हात सावकाश. वाचायला एक वाक्य आहे, माझे अकरा चौकोन गेले.

बाराव्या का तेराव्या चौकोनाच्या वेळी आई मागे येऊन उभी राहिली. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "दाते पाडलेत होय? हे तर भरतकाम झालं."

कसलं भरतकाम?

तर गोष्ट अशी. लग्नाआधी आईने शिवणाचा क्लास केला होता. त्यात मशीनची एम्ब्रॉयडरी शिकवायचे. पायमशीनचा फूट काढून टाकायचा, दाते निकामी करायचे, कापड लाकडी रिंगमध्ये ताणून बसवायचं आणि रिंग दोन्ही हातांनी सुईखाली फिरवायची. आमच्या घरातले ते "गुड नाईट" लिहिलेले उशीचे अभ्रे आणि टीव्हीवरचं मोरांचं झाकण त्यातूनच आलेलं. लहानपणी मला वाटायचं ते विकतचं आहे. मी जे महिनाभर व्हिडिओ बघून फ्री मोशन म्हणून शिकत होते, ते आई चाळीसेक वर्षांपूर्वी करत होती, आणि मी कधी विचारलंच नव्हतं.

"सरक," म्हणाली. खुर्चीत बसली. अंगठ्याला काही करायचंच नव्हतं, नुसते तळवे टेकवायचे. अर्ध्या मिनिटात एक पान काढलं, मधल्या शिरेसकट. उलटी बाजू माझ्यापुढे धरली. एकही फासा नाही.

त्या रात्री मला माझ्या ऑफिसातल्या "होय"चं उत्तर मिळालं. आईनेसुद्धा "मशीनची वाकळ" म्हणून नाक मुरडलं होतं, पण मशीनवर हात कसा चालतो हे तिच्याइतकं चांगलं आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. भरतकाम मशीनवर केलं तर ती कला, आणि वाकळ मशीनवर केली तर शॉर्टकट, ही विभागणी कुणी केली कोण जाणे.

हा वाद आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत कापडाचे तुकडे मशीनवर जोडणं शंभरेक वर्षं चालत आलं होतं, पण थर एकत्र धरणारे टाके हाताने घातलेले असले तरच खरा मान. 1989 साली केंटकी राज्यातल्या पडूका गावात अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरल ब्रायर फॅलर्ट यांच्या खग्रास सूर्यग्रहणावरच्या क्विल्टला सर्वोत्तमाचा पुरस्कार मिळाला, आणि तिचे टाके मशीनचे होते. तिथे तो मान मिळवणारी ती पहिली मशीनची क्विल्ट.

पण मी मशीनची वकिली घेतलेली नाही. हाताच्या टाक्याचं जे आहे ते आहेच. हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा वर-खाली जातो, दोन टाक्यांमध्ये कापड मोकळं राहतं, म्हणून वाकळ धुवून धुवून मऊ पडते आणि अंगाला बिलगते. मशीनच्या टिपेत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकतात, त्यामुळे कापड थोडं ताठ होतं. टिपा दाट घातल्या तर पुठ्ठाच. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी किंवा कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी बघितली तर हाताच्या टाक्याने कापडावर ज्या बारीक लाटा उठतात, त्या मशीनला येत नाहीत. आणि मशीनभोवती चार बायका बसून गप्पा मारू शकत नाहीत. एवढं सगळं मान्य.

माझं म्हणणं इतकंच आहे, की "हाताने की मशीनने" हा प्रश्न विचारून आपण लवकर सुटतो. कामात कष्ट किती गेले, उलटी बाजू कशी आहे, ते शेवटपर्यंत गेलं का आणि कुणी अंगावर घेतलं का, हे विचारायला हवं. कपाटात घडी घालून ठेवलेली हाताची वाकळ आठवणीला छान असते. थंडीत तिचा काही उपयोग नसतो.

आणि ज्यांना सोडलेला छंद पुन्हा धरायचाय त्यांना अनुभवाचे चार शब्द. जुनं काम समोर ठेवून सुरुवात करू नका. महागाच्या कापडावर शिकू नका आणि आठवणीच्या कापडावर तर मुळीच नाही. बिघडलेले चौकोन फेकू नका, तारखेसकट ठेवा. ज्या रात्री वाटतं की आपल्याला काहीच येत नाही, त्या रात्री पहिला चौकोन काढून बघायचा. आणि "विकायला का नाही ठेवत?" असं कुणी विचारलं (विचारतातच!) तर हसून विषय बदलायचा. दिवसभर दुसऱ्याच्या डेडलाइनवर जगणाऱ्या माणसाला, जिथे चाळीस चौकोन वाया घालवले तरी कुणी रिपोर्ट मागत नाही, अशी एक जागा हवी असते.

माझे सदतीस झाले. अडतिसावा चौकोन मी आईपुढे ठेवला. तिने वरची बाजू बघितलीच नाही, सरळ उलटा केला. बोट फिरवलं आणि म्हणाली, "काढ लुगडं."

मोकळ्या भागाला आधी हाताने कच्चा दोरा घातला, चार-चार बोटांवर. कारण मशीनचं काम मध्यातून बाहेर जातं, म्हणजे जास्तीचं कापड कडेला सरकत जातं. इथे कडा तर आईच्या टाक्यांनी बंद होत्या. सरकलेलं कापड जाणार कुठे? तिथे चुणी पडणार. म्हणून आधीच सगळं पसरून, ताणून, बांधून घेतलं. सुई सोळा नंबरची लावली, चौदाची इतक्या थरांत टाके सोडत होती. टिपांमध्ये इंच-दीड इंच अंतर ठेवलं, लुगड्याला जाच नको आणि वाकळ ताठही नको. वाकळीचा भार सुईवर येऊ नये म्हणून बाजूला इस्त्रीचं टेबल लावलं. पहिली टीप घालताना पाय थरथरत होता, हे लिहायला लाज वाटत नाही.

पाच शनिवार-रविवार लागले. एका जागी चुणी पडली, बोटभर. उसवली नाही. आहे तशी आहे.

शेवटच्या रविवारी मी आईच्या अर्धवट ओळीपाशी पोचले. गंजाचा डाग होता तिथे. वीतभर जागा उरली होती. मी मशीन त्या बाजूला वळवणार तेवढ्यात आई म्हणाली, "तेवढं राहू दे. ती ओळ माझी आहे."

चार संध्याकाळ लागल्या तिला. अंगठा शेकून घ्यायचा, पाच-सहा टाके, मग थांबायचं. मी शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होते. माझं जुनंच काम.

आता रोज रात्री तीच वाकळ पांघरते. सकाळी विचारलं, "काय, ऊब येते का मशीनची?"

"धोतरांची येते," म्हणाली, आणि चहा टाकायला गेली.